आकाशात झुंजलेले चौघे

२२ जुलै १९१८ चा दिवस. उत्तर फ्रान्समधील कार्व्हँ गावावरच्या आकाशात इंग्रजी आणि जर्मन विमानांची झुंज जुंपली होती. एकमेकांची शेपटी पकडण्यासाठी विमाने घारींसारखी गिरक्या घेत होती. मशीनगनांचा कडकडाट चालला होता. पाहता पाहता एका इंग्रजी विमानाने पेट घेतला आणि धुराची काळी रेघ मागे ओढीत ते जर्मनांच्या हद्दीत कोसळले.

विमान इंग्रजी होते. पण त्यातला वैमानिक इंग्रज नव्हता. तो होता कलकत्त्याचा एकोणीस वर्षांचा बंगाली मुलगा. इंद्रलाल रॉय त्याचे नाव. मृत्यूपूर्वीच्या दोन आठवड्यांत त्याच्या खात्यावर शत्रूची दहा विमाने जमा झाली होती!

पहिल्या महायुद्धातील हवाई लढाया म्हटल्या की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो जर्मनीचा 'तांबडा उमराव' रिख्तोफेन आणि त्याचे ते लालभडक विमान. त्याच्यावर पुस्तके झाली, चित्रपट झाले. परंतु त्याच आकाशात, त्याच वर्षी, आपल्या देशातील काही तरुणही लढत होते, याची वार्ता आपल्या घरांतून क्वचितच निघते. त्यांपैकी चार नावे इतिहासात ठळकपणे नोंदली गेली आहेत. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक, बंगालचे एरॉल चंदर सेन, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर आणि कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. या चौघांना दोन लढाया लढाव्या लागल्या. एक जर्मनांशी, आणि तिच्या आधी दुसरी – विमानात बसू द्यावे म्हणून खुद्द इंग्रजांशी!

लाकूड, कापड आणि एरंडेल

त्या काळचे विमान म्हणजे काय चीज होती, हे आधी समजून घेतले पाहिजे. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले, त्याला युद्ध सुरू होताना अकरा वर्षेदेखील झाली नव्हती. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले आणि रोगण चढविलेले कापड, तारांनी बांधलेले पंख आणि पुढे एक इंजिन. वैमानिक उघड्यावर बसे. पंधरा हजार फुटांवर हाडे गोठविणारी थंडी असे आणि श्वासाला पुरेशी हवा नसे.

'कॅमल' नावाच्या प्रसिद्ध लढाऊ विमानाचे तर इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. त्याला वंगण म्हणून घालीत चक्क एरंडेल! त्याचा फवारा आणि धूर वैमानिकाच्या तोंडावर येई. फिरत्या इंजिनाच्या ओढीमुळे हे विमान उजवीकडे विजेसारखे वळे. ते त्याचे मोठे अस्त्र होते. पण नवशिक्याचा हात जरा चुकला की तीच ओढ त्याला भोवऱ्यासारखी फिरवीत जमिनीवर आणून आपटी. शत्रूचे तोंड पाहण्यापूर्वीच कितीतरी पोरे शिकता शिकता मेली.

युद्धाच्या आरंभी विमाने केवळ टेहळणीसाठी उडत. समोर शत्रूचे विमान दिसले तर वैमानिक पिस्तूल झाडीत, बंदुका चालवीत. मशीनगन बसवायची तर अडचण अशी की, नेम धरायला सोपी म्हणून ती पुढे बसवावी, तर गोळ्या आपल्याच पंख्याची पाती उडवणार! रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाने १९१५ च्या एप्रिलमध्ये पात्यांवर पोलादी पाचरी बसवून तोड काढली. पात्यावर आदळणारी गोळी पाचरीवरून घसरून जाई. थोड्याच दिवसांत त्याचे विमान जर्मनांच्या हाती पडले. त्यानंतर फॉकरच्या कारखान्याने त्याहून नामी युक्ती योजली. पाते गोळीच्या वाटेवर येणार असेल तेवढ्या क्षणापुरती मशीनगन आपोआप थांबावी, अशी इंजिनाशी जोडलेली कळ त्यांनी तयार केली. आता विमान हीच एक उडती बंदूक झाली. वैमानिकाने विमानाचे नाक शत्रूकडे वळवायचे आणि चाप ओढायचा!

सूर्याच्या आडून येणारा मृत्यू

या झुंजींना पुढे 'आकाशातील सरदारांची द्वंद्वयुद्धे' असे मोठे झोकदार नाव मिळाले. त्यात काही तथ्य होतेच. ओस्वाल्ट बोल्के हा जर्मन वीर ऑक्टोबर १९१६ मध्ये आपल्याच साथीदाराच्या विमानाचा धक्का लागून मरण पावला, तेव्हा इंग्रज वैमानिकांनी जर्मन हद्दीवर जाऊन त्याच्यासाठी पुष्पचक्र टाकले होते. परंतु याच बोल्केने आपल्या वैमानिकांना घालून दिलेले नियम पाहिले, तर त्यात सरदारी थाट मुळीच नाही. आधी उंची गाठा. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे शत्रूचे डोळे दिपतील. शक्यतो मागून हल्ला करा. अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका. थोडक्यात, समोरच्याला कळायच्या आत त्याला संपवा! ज्यांची विमाने पडली, त्यांतील कित्येकांनी मारणाऱ्याला पाहिलेसुद्धा नव्हते.

आणि एकदा विमान पेटले की सुटका नव्हती. हवाई छत्र्या त्या काळी निघाल्या होत्या. बलूनमध्ये बसून टेहळणी करणाऱ्यांना त्या मिळतही असत. पण इंग्रज विमानांतील वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत त्या दिल्या गेल्या नाहीत. पेटत्या विमानात बसून राहायचे की हजारो फुटांवरून उडी टाकायची, एवढीच निवड त्यांच्या हाती उरे. १९१७ च्या एका एप्रिल महिन्यात इंग्रजांनी अडीचशेच्या आसपास विमाने गमावली. त्या महिन्याला 'रक्तरंजित एप्रिल' असेच नाव पडले.

गंमत पाहा, नेमक्या याच एप्रिलमध्ये मलिक आणि इंद्रलाल हे दोघे या हवाई दलात दाखल झाले!

बंद दरवाजा

त्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे सैनिक आणि कामगार म्हणून परमुलखात गेली. सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. मरण्याच्या बाबतीत साम्राज्याने काळा-गोरा असा भेद केला नाही. तो केला अधिकाराच्या बाबतीत. हिंदी शिपाई कितीही शूर असला तरी तो जमादार होई, सुभेदार होई. त्याच्यावरचे दार बंद असे. कालपरवा आलेला गोरा लेफ्टनंट त्याचा वरिष्ठ. हिंदी तरुणांना 'राजाचे कमिशन' देण्याचे सरकारने जाहीर केले ते ऑगस्ट १९१७ मध्ये, युद्धाला तीन वर्षे झाल्यावर. आणि वैमानिक तर बहुतेक अधिकारीच असत! मग हिंदी माणसाने विमान चालवायचे कसे?

हरदितसिंग मलिक हे चौदाव्या वर्षीच शिक्षणासाठी विलायतेत गेले होते. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे ते विद्यार्थी. क्रिकेट असे खेळत की ससेक्स परगण्याच्या संघात त्यांची निवड झाली. युद्ध सुरू झाल्यावर त्यांचे इंग्रज सोबती एकापाठोपाठ एक सैन्यात गेले. मलिक यांना मात्र नकार मिळाला. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मैदानात खेळलो, त्यांच्या शेजारी लढण्याची मात्र आपल्याला परवानगी नाही, हे त्या तरुण मनाला केवढे लागले असेल! स्वस्थ बसवेना म्हणून ते फ्रान्सला गेले आणि फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णगाडी चालवू लागले. पुढे फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झाले. हे कळताच ऑक्सफर्डमधील त्यांच्या गुरुजींनी, अर्कार्ट यांनी, इंग्रजी हवाई दलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना खरमरीत पत्र लिहिले. फ्रेंचांना जो चालतो तो आपल्याला चालू नये, ही शरमेची गोष्ट आहे, असा त्याचा आशय होता. मात्रा लागू पडली आणि एप्रिल १९१७ मध्ये मलिक 'रॉयल फ्लाइंग कोर'मध्ये दाखल झाले.

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला तो पगडीचा. वैमानिकाला चामडी टोप घालावाच लागे आणि मलिक पगडी सोडायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी पगडीवर बसेल असा मोठा टोप खास बनवून घेतला. तो घालून ते निघाले की सोबती हसत. पण ते हसणे फार दिवस टिकले नाही.

२६ ऑक्टोबर १९१७ रोजी खराब हवेत आपल्या तुकडीचा नायक बार्कर याच्याबरोबर मलिक 'कॅमल' घेऊन जर्मन हद्दीत शिरले. शत्रूची विमाने मोठ्या संख्येने त्यांच्यावर तुटून पडली. मलिक यांनी एक पाडले. तोच त्यांच्या पायात गोळी शिरली. पेट्रोलची टाकी फुटली, पण दैव बलवत्तर म्हणून पेटली नाही. मागे लागलेल्या विमानांना हुलकावण्या देत, जमिनीलगत उडत त्यांनी आपली हद्द गाठली आणि विमान कसेबसे खाली आदळले. नंतर मोजले, तेव्हा त्या विमानाला गोळ्यांची चारशेहून अधिक भोके पडलेली आढळली! मलिक त्यातून बरे होऊन पुन्हा उडाले. पुढे मात्र त्यांना त्रास दिला तो जर्मनांनी नव्हे, तर एरंडेलाने. त्याच्या धुराचा त्यांना असा काही अपाय होऊ लागला की 'कॅमल' सोडून त्यांना दुसऱ्या जातीची विमाने घ्यावी लागली.

कैदी सेन, मुंबईकर वेलिंगकर

एरॉल चंदर सेन यांची कथा थोडक्यात आटपली. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांचे 'कॅमल' जर्मन हद्दीत उतरले आणि ते कैद झाले. होल्झमिंडेन येथील छावणीत त्यांना ठेवले होते. याच छावणीतल्या कैद्यांनी महिनोन्‌महिने खपून गुपचूप भुयार खणले आणि जुलै १९१८ मध्ये एका रात्री त्यातून एकोणतीस अधिकारी निसटले. त्यांतले दहाच स्वदेशी पोचले. सेन यांच्या वाट्याला मात्र ते भुयार आले नाही. युद्ध संपल्यावरच त्यांना तुरुंगाबाहेरचे आकाश दिसले.

श्रीकृष्ण वेलिंगकर हे मुंबईचे. गोव्यातील वेलिंग गावाची आठवण करून देणारे त्यांचे आडनाव. केंब्रिजला शिकत असलेला हा तरुणही सैन्याच्या वाटेने निघाला आणि १९१८ मध्ये तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये 'डॉल्फिन' जातीच्या विमानावर रुजू झाला. या विमानाची रचना मोठी चमत्कारिक होती. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्याही वर निघे. त्यामुळे त्याला चहूकडचे आकाश स्वच्छ दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर सर्वांत आधी जमिनीवर आपटायचे तेही त्याचेच डोके!

२७ जून १९१८ रोजी वेलिंगकर गस्तीवर गेले, ते परतले नाहीत. जर्मन हद्दीत त्यांचे विमान पडले. जबर जखमी अवस्थेत ते शत्रूच्या हाती लागले आणि तीनच दिवसांनी, ३० जूनला, त्यांनी प्राण सोडला. त्या दिवसांत मुंबईहून विलायतेला पत्र पोचायला तीन-चार आठवडे सहज लागत. मुलगा 'बेपत्ता' आहे, एवढीच तार आली की घरच्यांनी दिवस कसे काढायचे? 'बेपत्ता' हा शब्द किती क्रूर! त्यात आशा असते, म्हणून तर तो अधिक छळतो.

तेरा दिवसांचा पराक्रम

आता पुन्हा इंद्रलालकडे वळू. त्याचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. वडील पियारीलाल रॉय कलकत्त्याचे नामांकित बॅरिस्टर. आई ललिता रॉय यांनी विलायतेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मिरवणुकीत भाग घेतला होता. भाऊ परेशलाल पुढे हिंदुस्थानात मुष्टियुद्धाचा पाया घालणारा म्हणून नावारूपाला आला. इंद्रलालचे बालपण लंडनमध्येच गेले. सेंट पॉल शाळेत तो शिकला. घरी त्याला 'लॅडी' म्हणत.

हवाई दलाच्या डॉक्टरांनी आधी त्याला दृष्टी सदोष म्हणून नापास केले. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने घरी गेला असता. या पठ्ठ्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून लंडनच्या एका बड्या नेत्रवैद्याकडून तपासणी करून घेतली आणि पहिला निकाल फिरवून घेतला!

ऑक्टोबर १९१७ अखेर तो छप्पन्नाव्या स्क्वाड्रनमध्ये गेला. ६ डिसेंबरला त्याचे विमान कोसळले. असे सांगतात की, त्याला मृत समजून प्रेतांच्या खोलीत ठेवले होते आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावले तेव्हा पहारेकऱ्याची बोबडीच वळली! खरे-खोटे देव जाणे; पण तो अपघात जीवघेणा होता एवढे खरे. बरा होत असताना त्याचा हात स्वस्थ नव्हता. कागदावर तो विमानांच्या झुंजींची चित्रे काढीत बसे. डॉक्टरांनी उड्डाणाला मनाई केली होती. त्याने पुन्हा हट्ट धरला, पुन्हा जिंकला, आणि जून १९१८ मध्ये चाळिसाव्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

येथे त्याला गुरू भेटला जॉर्ज मॅकेल्रॉय हा आयरिश वैमानिक. मॅकेल्रॉयचा गुरू होता मिक मॅनॉक. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवावे, अशी ही परंपराच होती. आता इंद्रलालच्या हाती 'एस. ई. ५ ए' जातीचे विमान होते. त्याला एक मशीनगन नाकावर आणि दुसरी वरच्या पंखावर. वरच्या मशीनगनीतल्या गोळ्या संपल्या की वैमानिकाने एका हाताने ती खाली ओढायची आणि गोळ्यांची चकती बदलायची, आणि विमानाचा दांडा सांभाळायचा तो गुडघ्यांत धरून. तेही शत्रू मागे लागलेला असताना!

६ जुलैला इंद्रलालने पहिले जर्मन विमान पाडले. ८ जुलैला चार तासांत तीन. १३ तारखेला दोन. १५ ला आणखी दोन. १८ ला एक आणि १९ ला दहावे. यांतील दोन विजयांत सोबत्यांचा वाटा होता. बाकीचे त्याचे एकट्याचे. पाच विमाने पाडणाऱ्याला त्या काळी 'एस' ही मानाची संज्ञा मिळे. इंद्रलालने दुप्पट मजल गाठली होती, आणि तीही तेरा दिवसांत.

त्यानंतर तीनच दिवसांनी कार्व्हँच्या आकाशात ती आग भडकली.

त्यापुढची हकीकत तर आणखी चटका लावणारी आहे. २६ जुलैला मॅनॉक गेला. ३१ जुलैला मॅकेल्रॉय गेला. शिष्य, गुरू आणि गुरूचा गुरू, दहा दिवसांत तिघेही नाहीसे झाले! खाली पडणाऱ्या शत्रूच्या मागे जमिनीलगत जाऊ नकोस, असे मॅनॉक मॅकेल्रॉयला बजावून सांगत असे. आणि शेवटी दोघांचाही घात जमिनीवरून आलेल्या गोळ्यांनीच केला.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलालला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक मरणोत्तर जाहीर झाले. हे पदक मिळविणारा तो पहिला भारतीय. घरी पदक आले. मुलगा आला नाही.

पुन्हा बंद, पुन्हा उघडे

युद्ध संपले. मग या चौघांच्या पराक्रमाने दरवाजा कायमचा उघडला का? नाही! शांततेच्या काळात इंग्रजी हवाई दलाने शुद्ध युरोपियन वंशाच्या माणसांनाच अधिकारी म्हणून घेण्याचा नियम पाळला. मलिक यांनी हवाई दल सोडून मुलकी सेवेची वाट धरली. ज्यांनी प्राण दिले, त्यांच्याच धाकट्या भावंडांना सांगण्यात आले की, तुम्ही उडण्याच्या लायकीचे नाही!

पण घडलेली गोष्ट पुसून टाकता येत नाही. हिंदी माणसाला विमान जमणार नाही, असे म्हणणाऱ्याला उत्तर देण्यासाठी आता ही नावे होती. अखेर १९३० मध्ये हिंदी तरुणांची पहिली तुकडी क्रॅनवेलच्या हवाई विद्यालयात गेली. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला चार 'वापिटी' विमानांनिशी पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. क्रॅनवेलच्या त्या तुकडीत इंद्रलालच्या नात्यातलेच एक तरुण होते, सुब्रतो मुखर्जी. १९५४ मध्ये ते भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि मुंबईचे म्हणाल, तर मुंबईत जन्मलेले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले हृषीकेश मुळगावकर हे १९७६ मध्ये त्याच पदावर चढले. वेलिंगकरांना जाऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षे होत आली होती.

चौघांपैकी मलिक यांना दीर्घायुष्य लाभले. पतियाळा संस्थानचे ते पंतप्रधान झाले. स्वातंत्र्यानंतर कॅनडात भारताचे हाय कमिशनर आणि पुढे फ्रान्समध्ये राजदूत म्हणून त्यांनी काम केले. ज्या देशाच्या आकाशात कधीकाळी जिवावर उदार होऊन ते उडाले होते, तिथेच ते आता स्वतंत्र भारताचा झेंडा लावलेल्या मोटारीतून फिरत होते. पायात शिरलेल्या गोळ्यांची खूण मात्र त्यांनी शेवटपर्यंत वागविली. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर ते वारले.

आजकाल आपल्याकडची पुष्कळ माणसे युरोपच्या सफरीला जातात. पॅरिसचा आयफेल मनोरा सर्वांनाच पाहायचा असतो, आणि तो पाहावाही. पण कोणाच्या हाती एखादा दिवस शिल्लक असेल, तर त्याने उत्तरेकडची गाडी धरावी. आमियँ शहराजवळ हँगार्ड नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील दफनभूमीत श्रीकृष्ण वेलिंगकर चिरनिद्रा घेत आहेत. आणखी उत्तरेला एस्तव्हेल गावात इंद्रलाल आहे. त्याच्या समाधीवर बंगालीत अक्षरे कोरलेली आहेत. ही एका महावीराची समाधी आहे, तिचा मान राखा, तिला स्पर्श करू नका, असा त्यांचा अर्थ. आजूबाजूच्या फ्रेंच खेडुतांना ती लिपी वाचता येत नाही. आपल्याला ती थोडीफार तरी लागेल. तेव्हा दोन फुले घेऊन जावे. एकावर मराठी माणसाचे नाव आहे आणि दुसऱ्याचे वय अवघे एकोणीस होते.